भात सोडायचा की मोजायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला ‘वजन आणि आहार’. मी त्यांना म्हटलं, भाऊ, मी काही डॉक्टर नाही. मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षं लोकांच्या जमा-खर्चाचे आकडे तपासले. ते म्हणाले, काका, तेच पाहिजे. डॉक्टर आपल्याला ‘हे खाऊ नका’ एवढंच सांगतात, तुम्ही हिशोब सांगा. म्हणून उभा आहे. जे सांगणार आहे ते वाचलेलं, पाहिलेलं आणि घरात करून बघितलेलं आहे. औषधाच्या बाबतीत मात्र तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा, हे आधीच सांगून ठेवतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा या इमारतीत किती जणांना शुगर होती? मला आठवतं त्याप्रमाणे दोघातिघांना. आज सकाळी गेटपाशी बसून कोणाकोणाकडे ग्लुकोमीटर आहे ते मोजायला गेलो, तर बोटं संपली. गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर किती जण दम खात उभे होते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात चाळिशीतलीही माणसं होती, म्हणून हा विषय फक्त ज्येष्ठ नागरिकांचा नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना शुगर निघाली. ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली : भात बंद. तेवढंच. आता ही बाई गोरेगाव तालुक्यातल्या खेड्यातली. तिच्या माहेरी दारासमोर बांधी, घरात धानाच्या कोठ्या. जन्मापासून दोन्ही वेळ भात. गोंदियाच्या माणसाला ‘भात बंद’ सांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाला समुद्राकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे. आठ दिवस तिनं पोळी खाल्ली, नवव्या दिवशी ताट तसंच ठेवून उठली. मला म्हणाली, “जेवल्यासारखं वाटतच नाही जी.” त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. भात खरंच सोडावा लागतो का, आणि जगात जे लोक भात खाऊनही सडपातळ राहतात ते काय करतात, एवढाच माझा प्रश्न होता.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मधुमेहावर त्यांचं काम जगभर मानलं जातं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. बघणाऱ्याला वाटावं, दोघेही फिट. पण आत मोजलं तर साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक साहेबांच्या अंगात २१.२ टक्के! वजन तेवढंच, चरबी दुपटीहून जास्त. आपण भारतीय असे आहोत. हातपाय काटकुळे, पोट पुढे. बाहेरून किडकिडीत आणि आतून लठ्ठ. बँकेच्या भाषेत बोलायचं तर ताळेबंद चांगला दिसतो, पण आत बुडीत कर्ज दडलेलं आहे.

म्हणून आपल्यासाठी आकडे वेगळे आहेत. युरोपात २५ बीएमआयपर्यंत ठीक म्हणतात, आपल्याकडे २३ च्या वर गेलं की वजन जास्त. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला ही रेषा साधारण ६२-६३ किलोवर येते. त्याहून सोपं माप म्हणजे कंबर. टेलरची टेप घ्यायची, बेंबीच्या आसपास धरायची, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. जपानमध्ये २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची वार्षिक तपासणीत कंबर मोजतात. वजनकाट्यापेक्षा टेप खरं बोलते.

आता भाताकडे येतो.

तुमच्यापैकी बौद्ध कुटुंबांना ही गोष्ट माहीत असेल. त्रिपिटकातल्या संयुक्त निकायात आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित, श्रावस्तीचा, बुद्धांचा भक्त. हा राजा द्रोणभर शिजवलेला भात खायचा. द्रोण म्हणजे धान्य मोजायचं मोठं माप, आपल्या बादलीसारखं समजा. एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकत तो बुद्धांसमोर येऊन बसला. बुद्धांनी त्याला रागावलं नाही, ‘भात बंद’ असंही सांगितलं नाही. जो माणूस जेवताना भान ठेवतो आणि मिळालेल्या अन्नाचं प्रमाण जाणतो त्याचे त्रास कमी होतात, वय हळू चढतं, अशा अर्थाचे दोन शब्द सांगितले. राजा हुशार. त्यानं मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला सांगितलं, हे शब्द पाठ कर आणि रोज माझ्या जेवणाच्या वेळी म्हणून दाखव, दररोज शंभर कार्षापण देईन. अट्ठकथेत पुढचा तपशील आहे, आणि मला तो फार आवडतो. राजा शेवटचा घास घ्यायला लागला की त्या तरुणानं ते म्हणायचं, मग राजानं तो घास बाजूला ठेवायचा. आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असं करत करत राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. नाळी हे लहान माप. शरीर हलकं झालं, राजा खूश झाला.

आता बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण आजच्या कुठल्याही महागड्या डाएट क्लिनिकमध्ये याच्यापेक्षा वेगळं काय सांगतात? एकदम बंद नाही, रोज एक घास कमी. आठवण करून देणारा एक माणूस शेजारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उरलेला घास ताटात टाकून द्यायचा नाही, तर उद्या भांड्यातच तांदूळ कमी घ्यायचे. म्हणजे हिशोब ताटात होत नाही, तांदळाच्या डब्यापाशी होतो. आमच्या घरी आम्ही हेच केलं. पूर्वी दोघांना मिळून एका वेळी दोन वाट्या कच्चे तांदूळ लागायचे. दर आठवड्याला चमचा चमचा कमी केला. चार महिन्यांनी पाऊण वाटीवर आलो. भूक लागली असं एकदाही वाटलं नाही, कारण शरीराला कळलंच नाही. तांदळाच्या डब्यातला चमचा मात्र मीच माझ्या ताब्यात ठेवला. आठवण करून देणारा सुदर्शन मी. कार्षापण अजून मिळाले नाहीत!

कमी खा हे सांगणारे एकटे बुद्ध नाहीत. वाग्भटांनी पोटाचे चार भाग सांगितले : दोन भाग अन्न, एक भाग पाणी, एक भाग वाऱ्यासाठी मोकळा. आपल्याकडच्या जैन बंधूंना ‘ऊणोदरी’ हा शब्द नवा नाही. भुकेपेक्षा थोडं कमी जेवणं हे त्यांच्याकडे बाह्य तपांपैकी एक तप आहे. उपवासाच्या बरोबरीनं ठेवलेलं, आणि मला विचाराल तर उपवासापेक्षा अवघड. मुसलमान बांधवांच्या हदीसमध्ये पोटाचे तीन भाग केले आहेत, अन्न, पाणी आणि श्वास. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटं आहेत, तिथले म्हातारे जेवायच्या आधी ‘हारा हाची बू’ म्हणतात, म्हणजे पोट दहा आण्यांपैकी आठ आणे भरलं की थांबा. चार मुलखांत, चार वेगळ्या भाषांत, एकमेकांना न विचारता लोक त्याच ठिकाणी पोहोचले. याचं कारण शरीरातच आहे. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर आपण टीव्हीवर मॅच बघत आणखी दोन पोळ्या संपवलेल्या असतात.

ओकिनावाची गोष्ट इथंच सोडू नका, पुढे आहे. ते बेट शतायुषी माणसांसाठी जगात प्रसिद्ध. त्यांचं जुनं जेवण म्हणजे मुख्यतः रताळी, भाज्या, टोफू, समुद्रातलं शेवाळ, थोडे मासे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं अमेरिकन लष्करी तळ आले, त्यांच्याबरोबर बर्गर, डबाबंद मटण आणि तळलेल्या वस्तू आल्या. मोटारी आल्या, चालणं गेलं. २००० सालच्या आकडेवारीत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात जपानच्या सत्तेचाळीस प्रांतांत एकदम सव्विसाव्या नंबरावर घसरले. तिकडे त्याला ‘सव्वीसचा धक्का’ म्हणतात. आजोबा शंभरीला पोहोचलेले आणि नातू चाळिशीत पोट घेऊन बसलेला. बेट तेच, रक्त तेच. बदललं ते ताट. हे वाचलं तेव्हा मला दूरचं काही वाटलं नाही. मला आपल्या रिंग रोडवरच्या संध्याकाळच्या गाड्या दिसल्या.

आता कोणी म्हणेल, काका, रताळी आणि शेवाळ आम्ही कुठून आणू? आणायचं काही कारणच नाही. आपला जिल्हा लहान आहे, पण खाण्याच्या बाबतीत इथं अर्धं जग येऊन बसलं आहे. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे गोंदियात तेलुगू आले, बंगाली आले, धंद्यासाठी गुजराती-मारवाडी आले, फाळणीनंतर सिंधी आले, पलीकडे छत्तीसगड आणि बालाघाट आहेच. आपल्याच इमारतीत तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जाताना नाकाला पाच प्रांत लागतात.

अर्जुनी मोरगावला मी तीन वर्षं शाखेत होतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी गावोगाव फिरायचो. त्या तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहती आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांच्या. त्यांच्याकडे जेवायला बसलो की एक गोष्ट लक्षात यायची, ताटात सगळं एकदम वाढत नाहीत. पहिल्यांदा कडू, कारलं किंवा कडुलिंबाची कोवळी पानं वांग्याबरोबर. मग पालेभाजी, मग डाळ, मग मासा, आणि गोड सगळ्यात शेवटी. आपण काय करतो? श्रीखंड-पुरीनं सुरुवात. आता डॉक्टर लोकांनी तपासून पाहिलं आहे की भाजी आणि डाळ-मासा आधी खाल्ला आणि भात-पोळी नंतर, तर तेच जेवण असूनही जेवणानंतरची साखर कमी चढते. पदार्थ एकही बदलायचा नाही, फक्त क्रम बदलायचा. फुकटचा उपाय आहे. आमच्या घरी आता आधी काकडी-मुळा, मग भाजी, मग वरण-भात. पाहुणे आले की त्यांना विचित्र वाटतं, वाटू द्या.

त्याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात ते. त्यांच्याकडे जवाचं पीठ भाजून खातात, त्याला त्साम्पा म्हणतात. आपलं सातूचं पीठच की! आणि थुक्पा म्हणजे भाज्यांचं पातळ सार, त्यात शेवया आणि मटणाचे दोन तुकडे. वाटीभर पोटात गेलं की तास-दोन तास भूक नाही. पण त्यांचाच दुसरा पदार्थ, लोणी आणि मीठ घातलेला चहा. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला पाजला होता. हिमालयापलीकडच्या बर्फात, याकामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला तो चहा अमृत. गोंदियाच्या पंचेचाळीस डिग्रीत, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तोच चहा चरबी. दुसऱ्याच्या ताटातलं काही उचलताना हे बघावं लागतं की त्या लोकांची हवा काय आणि अंगमेहनत काय. भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्ह तेलाचं आजकाल फार कौतुक आहे. खरं आहे, १९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरच्या लोकांची हृदयं चांगली निघाली. पण ते डोंगरउतारावर शेती करणारे लोक होते. आपण हजार रुपयांची बाटली आणून तिच्यात भजी तळायची, आणि हृदय क्रीटचं मागायचं, हे जमत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा पदार्थ : पेज. आपल्याकडचे गोंड बांधव, देवरी-सालेकसाच्या जंगलातले, उन्हाळ्यात पेजेवर किंवा आंबिलीवर दिवस काढतात. छत्तीसगडचे लोक रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खातात, त्याला बोरे-बासी म्हणतात. २०२२ साली तिथल्या तेव्हाच्या सरकारनं एक मे हा दिवस बोरे-बासी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली, मुख्यमंत्र्यांपासून सगळे बासी खायला बसले. ओडिशात त्यालाच पखाल म्हणतात, बंगाल्यात पान्ता भात. बघा, महाराष्ट्राच्या या टोकापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळे भात खाणारे लोक भातात पाणी घालतात. गरिबी म्हणून? ते आहेच. पण त्यात शहाणपणही आहे. मूठभर तांदळाचं भांडंभर अन्न होतं, पोट भरतं, ऊन बाधत नाही. शिवाय शिजलेला भात थंड झाला की त्यातला थोडा पिष्टांश असा बदलतो की आतड्यात सहज पचत नाही, म्हणजे साखर होऊन लगेच रक्तात येत नाही. माझ्या आईला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. रोवणीला जाताना ती मडक्यातली आंबील घेऊन जायची, एवढं ठाऊक होतं. आणि आम्ही शहरात आलो, बँकेत लागलो, आणि आंबील हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारायचीही लाज वाटायला लागली आपल्या लोकांना. मॉलमध्ये तेच ‘मिलेट ड्रिंक’ म्हणून डब्यात मिळालं की घेतो.

तांदळाबद्दल आणखी थोडं, कारण आपण धानाच्या जिल्ह्यात बसलो आहोत आणि राईस मिलच्या भोंग्यावर मोठे झालो आहोत. आपल्याला तांदूळ पाहिजे पांढरा शुभ्र, मोत्यासारखा. मिलमध्ये जितका जास्त पॉलिश तितका भाव जास्त. पण त्या पॉलिशमध्ये जे निघून जातं, तो कोंडा, त्यातच तंतू आणि ब जीवनसत्त्व असतं. आपण कोंडा गुरांना आणि तेलाच्या कारखान्याला देतो आणि मग मेडिकलमधून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतो. हातसडी मिळाला तर उत्तम, पण तो सगळ्यांना पचत नाही, आणि शिजायला वेळ लागतो. त्यापेक्षा मधला मार्ग म्हणजे उसना तांदूळ. आपल्याच मिलांमध्ये धान उकडून तयार होतो. उकडताना कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, आणि साखरही साध्या पांढऱ्या भातापेक्षा बहुधा सावकाश चढते. आपण तो बाहेर पाठवतो, आणि स्वतः खायला कमीपणा मानतो. वास थोडा वेगळा असतो, आठ-पंधरा दिवसांत सवय होते. एचएमटी खाऊ नका असं मी म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या लहानशा शेतकऱ्यानं शोधलेलं वाण आहे ते, अभिमानानं खा. पण मोजून.

मोजून म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिवसाचं ताट आखून दिलं आहे. दोन हजार कॅलरीच्या जेवणात सगळी धान्यं मिळून, म्हणजे तांदूळ, पोळी, पोहे, सगळं कच्चं वजन धरून, साधारण अडीचशे ग्रॅम. भाज्या चारशे ग्रॅम. डाळ किंवा अंडी-मासे पंच्याऐंशी ग्रॅम. आता आपल्या ताटात बघा. धान्य डोंगराएवढं, भाजी चटणीएवढी, आणि वरण असं की तळाला डाळ शोधावी लागते. भात वाईट नाही, भाताच्या शेजारची माणसं गायब आहेत. आपल्या घरात पूर्वी ती होती. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, वास्ते, काटवल. हिवाळ्यात लाखोरीची पालेभाजी, पोपटाच्या शेंगा. मुनग्याच्या शेंगा, अंबाडी. मामा तलावातले मासे, ढिवर बायका टोपलीत घेऊन दारावर यायच्या. तलावातले शिंगाडे. धान निघाल्यावर त्याच ओलीवर जवस टाकायचे, त्याची चटणी वर्षभर. अजूनही बाजारात सगळं येतं. आपल्या सुनांना ओळखता येत नाही एवढंच, आणि त्यात त्यांचा काय दोष, आपणच शिकवलं नाही. सिंधी शेजाऱ्यांची साई भाजी एकदा खाऊन पाहा, पालक, चणाडाळ आणि चार भाज्या एकत्र शिजवून घोटलेली. एका भांड्यात अर्ध ताट तयार.

तेलाचा हिशोब फार सोपा आहे, तो मी सांगणारच. त्याच संस्थेच्या आकड्याप्रमाणे तेल-तूप मिळून माणशी दिवसाला २७ ग्रॅम. महिन्याचे झाले ८१० ग्रॅम. चार माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. आता घरी जाऊन विचारा, पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो? साडेचार महिने पुरत असेल तर उठून तुमचा सत्कार करतो. साखरेचंही तसंच. कपात दोन चमचे, दिवसाला चार कप. झाल्या एकशे साठ कॅलरी. वर्षाला अठ्ठावन्न हजार चारशे. एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. कागदावर साडेसात किलो होतात! शरीर एवढं काटेकोर कॅशियर नाही, ते स्वतःचा खर्चही कमी-जास्त करतं, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं होत नाही. पण रक्कम कोणत्या बाजूला जमा होते ते लक्षात येतं.

दीक्षित डाएटबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, माहीत आहे. आपल्या विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार, पदव्यांचा डोंगर असलेला माणूस, २००४ मध्ये अपघातात गेले. खाण्याच्या वेळा कमी करा, हा विचार त्यांनी आपल्या भाषणांतून मांडला होता. तो पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, आणि रोज चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर, त्या म्हणाल्या थोडं थोडं खा, तूप खा, भात खा, आजीनं खाल्लं ते खा. घराघरांत दोन पक्ष झाले. आमच्या मधल्या मुलीकडे नवरा दीक्षित, बायको दिवेकर. माझं मत विचाराल तर भांडण वरवरचं आहे. दोघांचंही ऐकलं की एकच गोष्ट बंद होते : येता-जाता चरणं. बिस्किटाचा पुडा, फरसाणाची बरणी, ऑफिसातला समोसा. वजन उतरतं ते मुख्यतः तिथं. ज्याला जे झेपेल ते करावं. मात्र ज्यांना इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. शुगर एकदम खाली गेली तर ती जास्त झालेल्या शुगरपेक्षा लवकर मारते.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना दोन शब्द वेगळे. सत्तरीनंतर वजन झपाट्यानं उतरवायच्या मागे लागू नका. या वयात उतरतं ते चरबीबरोबर मांसही. मांड्या बारीक झाल्या की तोल जातो, बाथरूममध्ये पाय घसरतो, खुबा मोडतो. म्हणून भात कमी केला तर तेवढंच घट्ट वरण, दही, अंडं, मासा वाढवायचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. आणि काही न करता, कपडे सैल होण्याइतकं वजन आपोआप उतरलं तर पेढे वाटू नका, तपासणी करा.

सौभाग्यवतींचं काय झालं, हे समोरच्या रांगेतून खुणावून विचारत आहेत. त्या स्वतःच बसल्या आहेत, विचारा. चार वर्षांत कंबर सात सेंटिमीटर कमी झाली. शुगर आटोक्यात आहे, गोळी चालू आहे, ती सुटलेली नाही. भात दोन्ही वेळ आहे, उसना, एक वाटी शिजलेला, शेवटी. सणाला पोळी-भात मनसोक्त, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी.

आता सोसायटीकडे दोन मागण्या. सर्वसाधारण सभेत पंचवीस वर्षांपासून समोसा आणि जिलेबी आहे. ठरावाच्या वेळी भांडणं होतात त्याचं कारण मला वाटतं तेच असावं! पुढच्या सभेला उकडलेले शिंगाडे किंवा पोपटाच्या शेंगा ठेवून पाहा, उपसूचना मी मांडतो, अनुमोदक कोणीतरी व्हा. आणि चौकीदाराच्या खोलीत एक टेप आणि वही ठेवली आहे. नाव लिहायचं नाही, फक्त फ्लॅट नंबर, तारीख आणि कंबर. ज्यांना फ्लॅट नंबरही द्यायचा नसेल त्यांनी मजला लिहावा. सहा महिन्यांनी मजल्यांप्रमाणे सरासरी काढून नोटीस बोर्डावर लावू. हिशोबाची जबाबदारी माझ्याकडे.

जेवण गच्चीवर साडेआठला आहे. कोशिंबीर आणि भाज्यांची टेबलं जिन्याजवळ मांडायला मी केटररला सांगितलं आहे, गुलाबजाम आणि भात पाण्याच्या टाकीकडे आहेत. काही विचारायचं असेल तर आता विचारा. माईक चालू आहे.